नवा स्मार्टफोन घेताय? बांधावर कोणतं फीचर कामाला येतं, कोणतं नाही

खरिपाचं पीक गुडघ्याला लागलं की हिमायतनगर तालुक्यात मोबाइलला एक जास्तीचं काम लागतं. सोयाबीन, कापूस किंवा तुरीच्या शेतात उभं राहायचं, ई-पीक पाहणीचं ॲप उघडायचं, गट नंबर निवडायचा, पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती पाठवायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद वेळेत व्हायची, तर शेतकऱ्याला किंवा त्याच्या मुला-पुतण्याला फोन घेऊन बांधावर जावं लागतं. नोंद राहून गेली की पुढे हमीभाव खरेदीला, पीकविम्याला, अनुदानाला अडचण येते.

आता मोबाइलच्या दुकानातलं चित्र बघा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ५० मेगापिक्सेल, १२० हर्ट्झ, ५जी, एआय. या गोष्टी खोट्या नसतात. पण यातलं बहुतेक फीचर सावलीत बसून, चांगल्या रेंजमध्ये आणि जवळ चार्जर असताना वापरायचं असतं. हिमायतनगरच्या माणसाचा फोन दिवसातले कित्येक तास उन्हात, खिशात, धुळीत आणि टॉवरपासून लांब असतो.

आणि पैसा थोडाथोडका नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे १६ हजारांचा फोन घेणं म्हणजे हमीभावाने धरलं तरी तीन क्विंटल सोयाबीन देणं. बाजारात भाव पडलेला असेल तर साडेतीन किंवा चार क्विंटल. त्यामुळे खोक्यावरच्या कोणत्या फीचरसाठी पैसे मोजायचे आणि कोणत्या नाही, हे आधी समजून घेतलेलं बरं.

हजारो फोन परत का आले?

चुकीचा फोन कामावर आला की काय होतं, याचा सगळ्यात मोठा धडा महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी दिला. पोषण अभियानाखाली २०१९ मध्ये राज्यातल्या एक लाखाहून जास्त सेविकांना सरकारकडून स्मार्टफोन मिळाले. मुलांची वजनं, गरोदर मातांच्या नोंदी, आहारवाटप ही सगळी माहिती त्यातून भरायची होती. फोनची रॅम होती २ जीबी.

दोन वर्षांत काम बदललं. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचं नवं पोषण ट्रॅकर ॲप आलं आणि ते या फोनवर नीट चालेना. फोन गरम व्हायचे, अडकायचे, मधेच बंद पडायचे. वॉरंटीही २०२१ मध्येच संपली. दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून करावा लागतो, अशी सेविकांची तक्रार होती. शिवाय ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोबाइल वापसी आंदोलन केलं आणि हजारो फोन कार्यालयांत नेऊन ठेवले. ॲपमध्ये मराठी नसल्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे सरकारला नवे फोन घ्यावे लागले.

या फोनमध्ये कॅमेरा होता, जीपीएस होतं, ४जी होतं. कमी पडली ती रॅम. घेताना पुरेशी वाटलेली रॅम दोन वर्षांनी आलेल्या ॲपला पुरली नाही. घरासाठी फोन घेणाऱ्यालाही नेमका हाच धोका असतो, फक्त त्याला फोन परत करायला कार्यालय नसतं.

रॅम आणि स्टोरेज: पैसे घालायचे तर इथे

रॅम म्हणजे फोनचं कामाचं टेबल आणि स्टोरेज म्हणजे कपाट. टेबल लहान असलं की एक ॲप उघडताना दुसरं बंद पडतं. बांधावर हे नेहमी दिसतं: पीक पाहणीचं ॲप कॅमेरा उघडतं, फोटो निघतो आणि परत येईपर्यंत ॲप पुन्हा पहिल्या पानावर गेलेलं असतं. मग गट नंबरापासून सगळं परत.

आजच्या घडीला ४ जीबी रॅमचा नवा फोन घेणं म्हणजे अंगणवाडीवाल्या चुकीच्या जवळ जाणं. ६ जीबी ठीक, ८ असेल तर चार-पाच वर्षं निश्चिंत. इथे एक गोम आहे. बऱ्याच खोक्यांवर ‘८ + ८ जीबी’ असं लिहिलेलं असतं. त्यातली दुसरी आठ ही खरी रॅम नसते. स्टोरेजचा एक तुकडा रॅमसारखा वापरला जातो आणि त्याचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही नसतो. दुकानदार ‘सोळा जीबी’ म्हणत असेल तर आठच धरायची.

स्टोरेजचंही तसंच. ६४ जीबीच्या फोनमध्ये बराच भाग अँड्रॉइड आणि कंपनीची ॲप्सच खातात. उरलेल्यात घरच्यांचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवरची रोजची शुभ सकाळ. वर्षभरात ‘जागा शिल्लक नाही’ हा निरोप ठरलेला. १२८ जीबीखाली न गेलेलं बरं. मेमरी कार्डाची सोय असेल तर ती फोटोंसाठी चांगली, पण ॲप्ससाठी तिचा फारसा उपयोग नाही.

खोक्यावर क्वचितच दिसणारा एक शब्द मात्र विचारायला हवा: स्टोरेज ‘ईएमएमसी’ आहे की ‘यूएफएस’? ईएमएमसी हा जुना प्रकार. तो एका वेळी माहिती वाचतो किंवा लिहितो. यूएफएस दोन्ही एकदम करतो. दोन फोनची रॅम, बॅटरी, कॅमेरा सारखेच असून एक दोन वर्षांनी रडतो आणि दुसरा नाही, यामागे बरेचदा हेच कारण असतं.

२०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या किमती जगभर चढल्या, कारण एआयच्या डेटा सेंटरना त्या मोठ्या प्रमाणावर लागू लागल्या. त्यामुळे स्वस्त फोनमध्ये काटछाट होते ती आधी इथेच. कॅमेऱ्याचा आकडा तसाच राहतो, रॅम कमी होते.

५जी आहे, पण रेंज कोणाची?

भारतात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. आता १२-१३ हजारांच्या फोनमध्येही ते असतं. पण ‘५जी’ हा एकच शब्द पुरेसा नाही. फोन कोणते बँड पकडतो ते महत्त्वाचं.

साधा नियम आहे: फ्रीक्वेन्सी कमी, तर लहर लांब जाते आणि भिंतीतून, झाडीतून बऱ्यापैकी पार होते. फ्रीक्वेन्सी जास्त, तर वेग जास्त पण पल्ला कमी. ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं ५जी (बँड एन७८) टॉवरच्या जवळ जोरात पळतं. ७०० मेगाहर्ट्झचं (बँड एन२८) वेगाला कमी, पण लांबवर पोचतं. जिओकडे हा ७०० चा पट्टा आहे. शिवाय जिओचं ५जी स्टँडअलोन पद्धतीचं आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं. फोन स्टँडअलोन चालवत नसेल तर खोक्यावर ५जी असूनही जिओचं ५जी येणार नाही. एअरटेलने सुरुवात नॉन-स्टँडअलोन पद्धतीने केली.

पैनगंगेच्या काठची गावं, किनवटच्या बाजूची झाडी, भोकरकडचा चढउतार अशा भागात या पट्ट्यांचा फरक चांगलाच जाणवतो. बीएसएनएलचं स्वदेशी ४जीसुद्धा ७०० आणि २,१०० मेगाहर्ट्झवर चालतं. देशभरातल्या त्याच्या टॉवरचं औपचारिक उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. घरात बीएसएनएलचं सिम असेल तर फोनच्या माहितीत ४जीचा बँड २८ आहे का, एवढं बघायचं. जुन्या बऱ्याच फोनमध्ये तो नाही, आणि मग टॉवर असूनही रेंज दिसत नाही.

५जीचा तोटाही आहे. जिथे ५जी येऊन-जाऊन असतं, तिथे फोन सतत ते शोधत राहतो आणि बॅटरी उतरते. सेटिंगमध्ये ४जी निवडून ठेवलं की हा त्रास कमी होतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा जास्त डेटाच्या रिचार्जलाच ठेवलं. म्हणजे स्वस्त रिचार्ज मारणाऱ्याला ५जी फोन असूनही तो फायदा नाही. तरी फोन चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर आज फक्त ४जी असलेला फोन घेणं परवडणारं नाही. फक्त त्यासाठी रॅम कमी करून घेऊ नये.

एक दुर्लक्षित फीचर: वायफाय कॉलिंग. पत्र्याच्या घरात किंवा जाड भिंतींच्या वाड्यात रेंज मरते. घरात ब्रॉडबँड असेल तर त्यावरून साधा कॉल लागतो, वेगळा खर्च नाही.

बॅटरी मोठी, पण ऊन त्याहून मोठं

नांदेड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जाणं नवं नाही. लिथियम-आयन बॅटरीला सगळ्यात जास्त मारतं ते हेच. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश एवढंच वापराचं तापमान सांगते. बाकी कंपन्यांचे फोनही याच कुळातले. उन्हाळ्यात दुपारी फोन आपोआप मंद होतो, स्क्रीनचा उजेड कमी होतो, चार्जिंग थांबतं. तो बिघाड नसतो, बॅटरी वाचवण्यासाठी केलेली सोय असते. ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो.

२०२५ पासून ७,००० एमएएचच्या बॅटरीचे फोन मधल्या किमतीत दिसू लागले. यात सिलिकॉन-कार्बन प्रकारची बॅटरी असते. सिलिकॉन जास्त लिथियम धरतो, म्हणून त्याच जाडीत जास्त चार्ज बसतो. पण सिलिकॉन चार्ज होताना फुगतो. तो आवरण्यासाठी त्यात कार्बन मिसळतात. फोनमध्ये हा प्रकार आला २०२३ मध्ये, म्हणजे मराठवाड्याचे पाच-सहा उन्हाळे काढलेली अशी बॅटरी अजून कोणी पाहिलेली नाही. फायदा मात्र आजच आहे: वीज रात्री येणार, मोटार चालू करायला शेतात जायचं, टॉर्च लागणार, अशा दिवसात दोन हजार एमएएच जास्त असणं फार मोठी गोष्ट आहे.

तुलनेसाठी पॉवर बँक घ्या. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्ष फोनला साधारण सहा हजारांच्या आसपासच मिळतात, बाकी रूपांतरात जातात. तरी हजार-बाराशे रुपयांत हे काम होत असेल, तर केवळ बॅटरीसाठी चार हजार जास्त मोजायचे का, हा ज्याच्या-त्याच्या हिशेबाचा भाग.

८० वॉटच्या जलद चार्जिंगचं आकर्षण मोठं आहे आणि वीज तासाभरासाठीच आली तर त्याचा खरा उपयोगही आहे. पण तो वेग कंपनीच्या स्वतःच्या चार्जरवरच मिळतो. खोक्यात चार्जर आहे का ते विचारायचं. घरातल्या जुन्या चार्जरवर हाच फोन गोगलगायीसारखा भरतो. आणि जलद चार्जिंग म्हणजे जास्त उष्णता. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली ते बंद ठेवलेलं चांगलं. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आता बऱ्याच फोनमध्ये असते, ती चालू ठेवली की बॅटरी जास्त दिवस टिकते.

बॅटरी वाचवण्याच्या नादात एक धोकाही तयार होतो. अनेक कंपन्यांचे फोन मागे चालणारी ॲप्स परस्पर बंद करतात. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या वीज पडण्याचा इशारा देतं. मराठवाड्यात वळवाच्या पावसात शेतातल्या माणसासाठी ते फार मोलाचं आहे. पण फोनने ते झोपवून ठेवलं असेल तर इशारा येणारच नाही. नवा फोन घेतल्यावर बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला सूट देणं, हे दोन मिनिटांचं काम विसरू नये.

स्क्रीन आणि पाणी

१२० हर्ट्झमुळे रील सरकवताना गुळगुळीत वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. शेतात लागतो तो उजेड. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता एक लाख लक्सपर्यंत जाते आणि त्यात फिकट स्क्रीनवर गट नंबर वाचता येत नाही. खोक्यावर ‘पीक ब्राइटनेस’ म्हणून लिहिलेला मोठा आकडा स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता असतो. दुकानातून फोन घेऊन बाहेर रस्त्यावर उन्हात जायचं आणि मेसेज वाचून बघायचा. यापेक्षा चांगली चाचणी नाही.

आयपी६८ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ८ म्हणजे कंपनीने सांगितलेल्या खोलीपर्यंत, सांगितलेल्या वेळेपर्यंत पाण्यात टिकतो. आयपी६४ म्हणजे धूळ नाही, पाणी फक्त उडालेलं चालेल. चाचणी होते साध्या, स्थिर पाण्यात. फवारणीचं औषध, गढूळ पाणी, घाम यात ती मोजलेली नसते. वॉरंटीतही पाण्याचं नुकसान बहुधा धरत नाहीत. धुळीसाठीचा ६ मात्र कापूस वेचणीच्या आणि मळणीच्या दिवसांत कामाचा आहे.

जीपीएस आणि कॅमेऱ्याचे आकडे

‘पीक पाहणी नीट व्हायला महाग फोन लागतो’ हा समज खरा नाही. आताच्या ॲपमध्ये पिकाचा फोटो शेतापासून ५० मीटरच्या आतून काढावा लागतो. मोकळ्या आभाळाखाली साध्या स्मार्टफोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये १ जानेवारी २०१८ पासून जीपीएस सक्तीचंच आहे. दोन फ्रीक्वेन्सींचं (एल१ आणि एल५) जीपीएस आणि इस्रोची नाविक प्रणाली असेल तर गर्द झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये फरक पडतो. सोयाबीनच्या उघड्या शेतात त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. ॲप ‘तुम्ही शेतापासून दूर आहात’ म्हणत असेल तर अचूक लोकेशनची परवानगी दिली आहे का ते आधी बघायचं आणि एक-दोन मिनिटं आभाळाखाली थांबायचं. इंटरनेट नसलं की उपग्रह सापडायला थोडा वेळ लागतो. ॲपमध्ये माहिती साठवून नंतर रेंजमध्ये येऊन पाठवण्याची सोय आहे.

कॅमेऱ्याचा ५० मेगापिक्सेल हा आकडा तर जवळपास दिखाऊच. असा कॅमेरा चार-चार ठिपके एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. १०८ चा कॅमेरा नऊ-नऊ एकत्र करून १२ चा. मागे तीन भिंगं दिसतात, त्यातली दोन २ मेगापिक्सेलची असतील तर ती फक्त खोक्यावर ‘ट्रिपल कॅमेरा’ लिहायला. सोयाबीनच्या पानावरचा पिवळा मोझॅक किंवा बोंडातली अळी दाखवून कृषी सहायकाला विचारायचं असेल, तर मॅक्रो भिंगापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने हातभर अंतरावरून काढलेला फोटो जास्त स्पष्ट येतो. हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारं ओआयएस असेल तर संध्याकाळी त्याचा उपयोग होतो.

एआय मराठीत बोलतं, मग नवा फोन कशाला?

सध्या प्रत्येक खोक्यावर एआय आहे. गंमत अशी की मराठी माणसाच्या उपयोगाचं बरंचसं एआय फोनमध्ये नसतंच, ते इंटरनेटवरून येतं. गुगलचं मराठी बोलून टाइप करणं २०१७ पासून आहे. जेमिनी ॲप जून २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं. दोन्ही जुन्या चालत्या फोनवरही मिळतात. म्हाताऱ्या आईला टाइप करता येत नसेल तर तिला नवा फोन नको, कीबोर्डवरचं माइकचं बटण दाखवायला हवं.

फोनच्या आत चालणारं एआय (फोटोतून माणूस पुसणं, रेकॉर्डिंगचा सारांश) महाग चिपवर चांगलं चालतं आणि रॅमही खातं. फायदा इतकाच की माहिती फोनबाहेर जात नाही. १५ हजारांच्या फोनमधल्या ‘एआय’साठी वेगळे पैसे देण्यात अर्थ नाही.

अपडेट: खोक्यावर न लिहिलेली मुदत

बँकेची, यूपीआयची आणि सरकारी ॲप्स जुनी अँड्रॉइड एकेक करून सोडतात. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडची ५.० पेक्षा जुनी आवृत्ती सोडली. फोन चांगला असूनही कामातून जातो तो असा. म्हणून ‘किती वर्षं अपडेट’ हा प्रश्न मेगापिक्सेलच्या आधी विचारायचा. काही स्वस्त फोनना एक-दोनच नव्या आवृत्त्या मिळतात, तर सॅमसंगने २०२४ च्या ए१६ ५जी या स्वस्त मालिकेतल्या फोनला सहा जाहीर केल्या. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं अपडेट देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. भारतात असं बंधन नाही. इथे कंपनीच्या शब्दावरच भागवावं लागतं. पीएम-किसानचं चेहरा दाखवून ई-केवायसी जून २०२३ मध्ये ॲपवर आलं. अशी आणखी किती ॲप्स पुढच्या चार वर्षांत येतील, ते आज कोणी सांगू शकत नाही.

किमतीबद्दल एवढंच: मोबाइलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ च्या दरबदलात ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, मोबाइल होता तिथेच राहिला. १६ हजारांच्या फोनमध्ये सुमारे २,४४० रुपये कर असतो. ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा लागू शकतो, तो आकडा कागदावर मागायचा. आणि अधिकृत सेवा केंद्र बहुतेकदा जिल्ह्याच्या ठिकाणीच असतं. ज्या कंपनीचं नांदेडला केंद्र नाही, तिचा फोन दोन हजारांनी स्वस्त असला तरी स्क्रीन फुटल्यावर तो महाग पडतो.

जुना फोन घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी त्यावर *#०६# दाबायचं. १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक टाकायचा आणि १४४२२ वर पाठवायचा. उत्तरात फोन काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं, तर तो कितीही स्वस्त असला तरी घ्यायचा नाही.